परत आलेली अनुराधा

आमच्या रानात एक पेटी पुरलेली होती, असे मी म्हणालो की ऐकणाऱ्याचे कान टवकारतात. गाव अणदूर, शेजारी नळदुर्गचा किल्ला, १९४८पर्यंत निजामाचा अंमल. एवढे सांगितल्यावर पेटीत मोहरा असणार हे समोरचा स्वतःच ठरवून टाकतो. मोहरा नव्हत्या. थर्माकोलचे जाड तुकडे, ॲल्युमिनियमची चौकट, काही तारा आणि मधोमध काळ्या कागदात गुंडाळलेले काहीतरी, एवढाच ऐवज होता. ती पेटी माझ्या वडिलांनी, आप्पांनी, १९७९च्या जुलैत माझ्यादेखत पुरली. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो आणि खड्ड्यावर कंदील धरून उभा होतो.

पेटी आली ती आदल्या हिवाळ्यात. ज्वारी पोटरीला आलेली. सकाळी आजी आखाड्यावर भाकरी घेऊन गेली ती तशीच माघारी आली. बाभळीवर कुणाचे तरी लुगडे अडकले आहे म्हणाली. आम्ही जाऊन पाहिले तर नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची भलीमोठी छत्री, तिला लांब दोर आणि दोराच्या टोकाला ही पेटी. पेटीवर कागद चिकटवलेला होता. घरात वाचता येणारा मी एकटाच. मी अक्षरे लावून वाचले. हे शास्त्रीय उपकरण आहे, उघडू नये, जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा पोस्टात कळवावे, कळवणाऱ्यास बक्षीस मिळेल, असा त्यातला मजकूर होता. आप्पांनी तो दोनदा वाचायला लावला.

“ज्या कागदावर पोलीस आन् बक्षीस दोन्ही लिवलंय, तिथं आधी पोलीस येतो,” ते म्हणाले. “कुणाला सांगू नगंस.”

छत्रीचे कापड कडब्याच्या गंजीवर गेले. पेटी माळवदाच्या घरात कणगीमागे गेली. पुढे जुलैत ‘स्कायलॅब पडणार’ म्हणून गावोगाव हाकाटी झाली. अमेरिकेचे ते अंतराळस्थानक कुठे कोसळेल ते कुणालाच नक्की सांगता येत नव्हते. काहींनी मरायचेच तर खाऊन मरू म्हणून बोकड कापले, काहींनी पुरण घातले. आप्पांना वाटले, आकाशातून आलेली एक वस्तू घरात आहे, तिच्या मागावर दुसरी येणार. त्यांनी बांधाच्या कडेला कमरेएवढा खड्डा खणला. ११ जुलैच्या रात्री स्कायलॅबचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले, कुणाला इजा झाली नाही. पेटी मात्र जमिनीत गेली ती गेलीच.

मी पुढे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान टाकले. विज्ञानाचे शिक्षण बारावीपाशी थांबले. पण कागद मी वाचला होता आणि तरीही पेटी परत गेली नाही, ही गोष्ट मनातून गेली नाही. ती पेटी कुणाची, ती आमच्याच शिवारात का पडली, हे शोधत शब्दकोश शेजारी ठेवून मी इंग्रजी वाचायला शिकलो. त्या शोधात मला अनुराधा भेटली. मुंबईत तयार झालेले, सात माणसांसह अवकाशात जाऊन आलेले ते एक उपकरण होते. आज माणसांसह होणाऱ्या अवकाश उड्डाणांबद्दल आपण भरभरून बोलतो, पण अनुराधेचे नाव काढणारा मला क्वचितच भेटतो. हा लेख तिच्यासाठी आहे.

*

आधी पेटीचे कोडे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बलून केंद्र हैदराबादला आहे. तिथून सोडलेले फुगे पातळ पॉलिथिनचे असतात, त्यांत हायड्रोजन भरतात आणि वर पोचल्यावर त्यांचा व्यास पन्नास मीटरच्याही पुढे जातो. तीस ते बेचाळीस किलोमीटर उंचीवर काही तास राहून उपकरणे रंगीत छत्रीला लटकत खाली येतात. विशाखापट्टणम-हैदराबाद-सोलापूर अशी एक रेषा नकाशावर काढली तर तिच्या आसपास, हैदराबादपासून दोनशे ते साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात त्या पेट्या पडतात. आजही उड्डाणांच्या हंगामात तेलंगण, कर्नाटक आणि महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांना तशी सूचना जाते आणि त्या यादीत सोलापूर, लातूर, बीड यांच्या जोडीला आमचा जिल्हा असतो. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे अणदूर या रेषेवरच बसलेले आहे. बाभळीवर छत्री अडकली, त्यात नवल काहीच नव्हते.

हे फुगे सोडायचे कशासाठी? याची सुरुवात १९१२ साली ऑस्ट्रियात झाली. व्हिक्टर हेस नावाचा शास्त्रज्ञ ७ ऑगस्टला फुग्याच्या टोपलीत स्वतः बसून सुमारे पाच हजार मीटरच्या वर गेला. हवेतले विद्युतभारित कण जमिनीतल्या किरणोत्सर्गामुळे होत असतील तर वर जावे तसे ते कमी व्हायला हवेत, असा तोवरचा समज. हेसला ते वाढलेले दिसले. म्हणजे काहीतरी वरून येत होते. त्यालाच पुढे विश्वकिरण म्हणू लागले. किरण म्हणतात, पण ते आहेत कण: हायड्रोजन, हेलियम, ऑक्सिजनपासून लोखंडापर्यंतच्या अणूंचे प्रचंड वेगाने धावणारे गाभे. विज्ञानासाठी माणूस वर गेला, मोजमाप केले आणि नोंदवही घेऊन परत आला, अशा उड्डाणांत हेसचे उड्डाण मी अग्रभागी ठेवतो.

होमी भाभांचा विषयही विश्वकिरणांचाच. १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली आणि फुग्यांचे काम पहिल्यापासून तिच्याबरोबर चालले. आधी रबरी फुगे, मग प्लॅस्टिकचे. १९६०च्या दशकापासून हैदराबाद हे त्या कामाचे ठिकाण झाले. हैदराबाद चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ आहे आणि तिथे पृथ्वीचे चुंबकक्षेत्र कमी ऊर्जेचे कण अडवून धरते. त्यामुळे क्ष-किरणांसारख्या इतर गोष्टी तिथून स्वच्छ दिसतात.

या फुग्यांवर जाणाऱ्या काही उपकरणांना आपले म्हणणे रेडिओने खाली सांगता येई. पण विश्वकिरणांचे जुने, भरवशाचे साधन म्हणजे फोटोग्राफिक इमल्शन आणि नंतर प्लॅस्टिक. कण त्यातून जाताना एक अदृश्य जखम करून जातो. ती जखम प्रयोगशाळेत रसायनांनी उघडी करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. इथे रेडिओ काही कामाचा नाही. ती वस्तू हातात परत आली तरच नोंद मिळते. शास्त्रज्ञाची वर्षा-दोन वर्षांची मेहनत बाभळीवर लटकते आणि पुढचे सगळे एका शेतकऱ्याच्या हाती असते. तो कागद म्हणजे सूचना नव्हती, विनवणी होती, हे मला फार उशिरा उमगले.

*

आता स्कायलॅबकडे परत जाऊ, कारण आप्पांना भिववणाऱ्या त्याच स्थानकाशी या कथेचा दुसरा धागा जुळतो.

फुगा कितीही उंच गेला तरी त्याच्या वर थोडी हवा उरतेच, जेमतेम एक टक्का किंवा त्याहून कमी. जोरकस कणांना ती जाणवत नाही, पण मंद कण तेवढ्यातही जिरून जातात. या मंद कणांतच १९७३च्या सुमारास एक विसंगती आढळली. अवकाशयानांवरच्या उपकरणांत कमी ऊर्जेचा ऑक्सिजन आणि नायट्रोजन अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त मिळू लागला, कार्बन मात्र त्या मानाने वाढलेला नव्हता. या कणांना ‘विसंगत विश्वकिरण’ असेच नाव पडले.

टाटा संस्थेतले सुकुमार बिस्वास आणि त्यांचे सहकारी यांनी या कणांसाठी लेक्झान नावाच्या प्लॅस्टिकचे थर स्कायलॅबवर ठेवले होते. स्कायलॅबवर माणसांच्या तीन तुकड्या राहून आल्या, शेवटची १९७४च्या फेब्रुवारीत परतली. त्या माणसांमुळे प्लॅस्टिक परत आले. मागे राहिलेले रिकामे स्थानक पाच वर्षांनी कोसळले. त्याच्या भीतीने आमच्याकडे एक पेटी पुरली जात होती, आणि त्याच स्थानकावरून आलेल्या प्लॅस्टिकवरचे संशोधन तेव्हा मुंबईत चालू होते.

स्कायलॅबच्या नोंदींतून एक प्रश्न उभा राहिला. पृथ्वीचे चुंबकक्षेत्र विश्वकिरणांना चाळणीसारखे आहे. ध्रुवांकडे तिची भोके मोठी, विषुववृत्ताकडे यावे तशी ती बारीक. कणाचा विद्युतभार जितका जास्त, तितके चुंबकक्षेत्र त्याला जास्त वळवते. ऑक्सिजनचे आठही इलेक्ट्रॉन गेलेले असतील तर त्याचा भार आठ, आणि असा मंद कण चाळणीतून आत यायला नको. पण स्कायलॅबच्या कक्षेत मंद ऑक्सिजन सापडत होता. मग त्याचे सगळे इलेक्ट्रॉन गेलेलेच नाहीत का? एकच इलेक्ट्रॉन गेला असेल, भार एकच असेल, तर तो आत येऊ शकेल.

असे का असावे, याचे एक उत्तर फिस्क, कोझलोव्हस्की आणि रमाटी या तिघांनी १९७४ साली मांडले होते. ताऱ्यांमधल्या पोकळीतले उदासीन अणू वाहत सूर्यमालेत येतात. सूर्याजवळ त्यांचा एक इलेक्ट्रॉन उडतो. भार आला की सौरवारा त्यांना धरून सूर्यमालेच्या वेशीपर्यंत फेकतो. तिथे त्यांना जबर वेग मिळतो आणि ते पुन्हा आत परततात, आता विश्वकिरण होऊन. ही कल्पना खरी असेल तर त्यांचा भार एक असायला हवा. कुणीतरी तो मोजायला हवा होता.

*

त्या मोजणीसाठी टाटा संस्थेने जे उपकरण बांधले त्याचे नाव अनुराधा. नाव नक्षत्राचे, वृश्चिक राशीतले. आम्हा शेतकऱ्यांची नक्षत्रे मृगापासून स्वातीपर्यंतची. अनुराधा पावसाच्या हिशेबात येत नाही, ती रब्बी रानात उभी असताना येते. सुकुमार बिस्वास या प्रयोगाचे प्रमुख होते. एन. दुर्गाप्रसाद, मयंक वाहिया आणि अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतले जितेंद्रनाथ गोस्वामी यांची नावे त्यांच्याबरोबर येतात. हेच गोस्वामी पुढे चांद्रयान-१ मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ झाले.

अनुराधेची युक्ती इतकी साधी आहे की माझ्यासारख्या दुरुस्तीवाल्याला तिचा हेवा वाटतो. सीआर-३९ हे प्लॅस्टिक चष्म्याच्या काचांसाठी वापरतात. त्याच्या चकत्यांचे दोन गठ्ठे एकावर एक ठेवले. वरचा स्थिर, खालचा घड्याळाच्या काट्यासारखा हळूहळू फिरणारा. कण दोन्हींतून आरपार जातो तेव्हा दोन्हींवर खूण उमटते. परत आल्यावर प्लॅस्टिक दाहक सोड्याच्या द्रावणात ठेवले की त्या खुणांचे सूक्ष्म खळगे दिसू लागतात. खळग्याच्या आकारावरून कण कोणता ते कळते. मग खालची चकती किती अंश मागे फिरवली म्हणजे खालचा खळगा वरच्याच्या बरोबर रेषेत येतो, ते पाहायचे. तेवढ्यावरून कण केव्हा आला ते समजते. वेळ समजली की त्या क्षणी यान पृथ्वीच्या कुठल्या भागावर होते ते समजते. जागा समजली की तिथली चाळण किती बारीक आहे ते समजते, आणि त्यावरून कणाचा भार जास्तीत जास्त किती असू शकतो याचा हिशेब लागतो. या साखळीची पहिलीच अट अशी की प्लॅस्टिक मुंबईला परत यायला हवे. उपग्रह जातो आणि वरच राहतो. अनुराधेला परतीचे तिकीट असलेले वाहन हवे होते.

ते वाहन म्हणजे चॅलेंजर यान आणि मोहीम स्पेसलॅब-३.

*

स्पेसलॅब ही युरोपने बांधलेली, शटलच्या पोटात मावणारी प्रयोगशाळा. तिची ही फेरी मुख्यतः सूक्ष्म गुरुत्वाच्या प्रयोगांसाठी होती. सूक्ष्म गुरुत्व या शब्दाने एक गैरसमज होतो, तो आधी दूर करू. साडेतीनशे किलोमीटर उंचीवर पृथ्वीची ओढ संपलेली नसते. जमिनीवरच्या ओढीच्या सुमारे नव्वद टक्के ओढ तिथेही असते. रहाटाचा दोर तुटून पोहरा विहिरीत सुटला तर पोहरा आणि त्यातले पाणी एकाच वेगाने पडतात. पाण्याचा भार पोहऱ्याच्या बुडावर राहत नाही. यान असेच सतत पडत असते, फक्त त्याचा आडवा वेग एवढा असतो की जमीन येतच नाही. आत सगळेच एकत्र पडत असल्याने खाली-वर उरत नाही.

त्याचा उपयोग असा. चुलीवरच्या आधणात तळचे पाणी तापते, हलके होते, वर येते आणि वरचे गार पाणी खाली जाते. जड गोष्ट बुडते, हलकी तरंगते. स्फटिक वाढवताना हेच प्रवाह त्यात दोष पाडतात. खाली-वर नसले की हे प्रवाह थांबतात आणि स्फटिक शांतपणे वाढतो. म्हणून स्पेसलॅब-३वर लोडवाइक व्हान डेन बर्ग हे मूळचे डच शास्त्रज्ञ मर्क्युरिक आयोडाइडचे स्फटिक वाढवायला स्वतः गेले. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या साधनांत ते लागतात. अलाबामा ए अँड एम विद्यापीठातले भारतीय वंशाचे आर. बी. लाल यांचा ट्रायग्लायसिन सल्फेटच्या स्फटिकांचा प्रयोगही तिथे होता. टेलर वँग हे शास्त्रज्ञ द्रवाचे थेंब ध्वनिलहरींनी अधांतरी धरून त्यांचे आकार अभ्यासणार होते. जोडीला दोन माकडे आणि चोवीस उंदीर.

२९ एप्रिल १९८५ला, आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजून गेले असताना, फ्लोरिडातून चॅलेंजर उडाले. सात माणसे होती: ओव्हरमायर, ग्रेगरी, लिंड, थगार्ड, थॉर्नटन, व्हान डेन बर्ग आणि वँग. यांतले डॉन लिंड एकोणीस वर्षे आपल्या पहिल्या उड्डाणाची वाट पाहत होते. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या लावून प्रयोगशाळा अहोरात्र चालू ठेवली. यान शेपूट पृथ्वीकडे करून फिरत ठेवले होते. त्या स्थितीत ते आपोआप स्थिर राहते, इंजिनांचे धक्के द्यावे लागत नाहीत आणि स्फटिक हलत नाहीत.

सगळे सुरळीत झाले नाही. प्राण्यांच्या पिंजऱ्यांतून खाद्याचे कण आणि विष्ठा सुटून केबिनमध्ये तरंगत फिरली. वँग यांचे यंत्र चालू करताच बंद पडले. त्यांनी दुरुस्तीची परवानगी मागितली आणि ती मिळेपर्यंत हट्ट सोडला नाही. मग कपाटात अर्धे शरीर घालून त्यांनी वायरी जोडल्या आणि यंत्र चालू केले. मी आयुष्यभर बंद यंत्रांची पाठ उघडत आलो. हे वाचताना मला त्यांच्या हातांतला कंप कळला. यंत्रे असताना माणसाला वर कशाला पाठवायचे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. वँग यांची वायर हे त्याचे एक उत्तर आहे. अनुराधा हे दुसरे.

अनुराधा यानाच्या मालखान्यात, प्रयोगशाळेबाहेर, उघड्या अवकाशात बसवलेली होती. खरे सांगायचे तर तिला सूक्ष्म गुरुत्वाशी देणेघेणे नव्हते. तिला हवेच्या पलीकडची जागा आणि परतीची हमी, एवढेच हवे होते. माणसे असतात त्या यानाला परत यावेच लागते. माणसांच्या परतीवर तिची परत अवलंबून होती. ६ मेला चॅलेंजर कॅलिफोर्नियात एडवर्ड्स तळावर उतरले. अनुराधा मुंबईला परत आली.

*

परतीची ही हमी किती पातळ होती ते नंतर कळले. शटलच्या बाजूच्या इंधन-रॉकेटांचे भाग जोडताना सांध्यात रबरी कडी बसवलेली असत. एक मुख्य, एक राखीव. या उड्डाणानंतर रॉकेटे उघडून पाहिली तेव्हा डाव्या रॉकेटाच्या नोझलच्या सांध्यातले मुख्य कडे जळून आरपार गेलेले सापडले. राखीव कडेही झिजले होते, पण ते टिकले. नऊ महिन्यांनी, २८ जानेवारी १९८६ला, याच चॅलेंजरच्या उजव्या रॉकेटाच्या एका सांध्यातली कडी टिकली नाहीत. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटले आणि सात जण गेले. ती माणसे वेगळी, यान तेच.

त्या स्फोटाचा एक छर्रा आपल्यालाही लागला. इन्सॅट-१सी उपग्रहाबरोबर शटलमधून जाण्यासाठी इस्रोचे पी. राधाकृष्णन आणि एन. सी. भट या अभियंत्यांची निवड झाली होती. ते उड्डाण रद्द झाले. राकेश शर्मांनंतर दुसरा भारतीय नागरिक अवकाशात जायला चाळीस वर्षांहून अधिक काळ गेला.

राकेश शर्मांचे नाव आमच्या गावात शाळकरी पोरालाही माहीत आहे. ३ एप्रिल १९८४ला सोयूझ टी-११ मधून ते सॅल्यूत-७ स्थानकावर गेले, इंदिरा गांधींच्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर देशाने पाठ केले. पण ते तिथे आठवडाभर काय करत होते हे फार थोड्यांना सांगता येते. भारताच्या भूभागाची छायाचित्रे, वजनरहित अवस्थेत योगासनांचा शरीरावर होणारा परिणाम, वितळलेला मिश्रधातू गोठणबिंदूखाली थंड करण्याचा प्रयोग अशी कामे त्यांच्या यादीत होती. चेहरा लक्षात राहिला, काम विसरले गेले. अनुराधेला तर चेहराच नव्हता.

तिने काय आणले? मुंबईत पुढची काही वर्षे चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली वाचल्या गेल्या. विसंगत ऑक्सिजनचा भार एकच्या आसपास असल्याचे त्यातून दिसले. वेशीवर जाऊन परतणाऱ्या अणूंच्या कल्पनेला मोजमापाचा आधार मिळाला. लोहगटातल्या जड कणांपैकी काहींचे सगळे इलेक्ट्रॉन गेलेले नाहीत, असेही तिच्या नोंदींत आढळले आणि त्याच्या कारणांवर बराच खल झाला. १९९२ साली अमेरिकेने सॅम्पेक्स उपग्रह सोडला. चुंबकक्षेत्राची हीच चाळण वापरून त्याने विसंगत कणांचा भार मुख्यतः एक असल्याचे पक्के केले.

*

२०२५ साली २५ जूनला शुभांशू शुक्ला ॲक्झिऑम-४ मोहिमेतून आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाकडे निघाले तेव्हा माझ्या दुकानात टीव्हीपुढे गर्दी होती. त्यांच्याबरोबर भारतातल्या संशोधकांचे सात प्रयोग होते. सूक्ष्म शैवाल, स्नायूंच्या पेशी, टार्डिग्रेड नावाचे चिवट सूक्ष्मजीव आणि धारवाडच्या संशोधकांनी दिलेले मूग-मेथीचे दाणे. मोड कसे येतात ते पाहायचे होते. मोड आलेले मूग म्हटल्यावर बायकांची गर्दी वाढली. १५ जुलैला ते परतले. मोडांचे काय झाले, असे मला आठवडाभर लोक विचारत होते. मी सांगत होतो, मोड आता इथे प्रयोगशाळेत वाचले जातील, त्याला वेळ लागतो. वर जाणे हा प्रयोगाचा निम्माच भाग, हे मी अनुराधेकडून शिकलो.

आमच्या खंडोबाला दोन गावे आहेत. देव एक, देवळे दोन. वर्षातले सव्वादहा महिने तो अणदूरला असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. नेताना दोन्ही गावांत लेखी करार होतो: देव अमुक दिवशी नेतो, अमुक दिवशी परत आणून देतो. देव नेणाऱ्यालाही सही करावी लागते, हे लहानपणी मला गमतीचे वाटे. आता वाटते की वस्तू जितकी मोलाची तितका परतीचा कागद पक्का लागतो. पेटीवरचा कागद तसाच होता. त्यावर आमच्याकडच्या कुणाची सही नव्हती, तरी आम्ही त्यातला एक पक्ष होतो.

आप्पा जाऊन आता बरीच वर्षे झाली. शेवटच्या आजारपणात मी त्यांना हे सगळे सांगितले होते. फुगा, हैदराबाद, प्लॅस्टिकवरच्या जखमा. ते बराच वेळ छताकडे पाहत राहिले.

“मंग त्यात कुणाची तरी मेहनत हुती म्हण की,” ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “तू वाचलं हुतंस. म्या ऐकलं न्हाई.”

पेटी उकरून पाहण्याचा प्रश्न उरलेला नाही. सोलापूर-हैदराबाद महामार्गाच्या चौपदरीकरणात आमचा तो बांध गेला. ज्या गावाहून ती पेटी आली त्या गावाच्या मालमोटारी आता तिच्यावरून जातात. छत्रीच्या कापडाचा हातभर तुकडा दुकानात आहे. नारिंगी रंग उडून विटकरी झाला आहे. त्याच्याखाली मी एक पाटी लावली आहे आणि दर हिवाळ्याच्या सुरुवातीला तिच्यावरची अक्षरे खडूने पुन्हा गिरवतो:

‘रानात रंगीत छत्रीची पेटी सापडल्यास उघडू नका. पुरू नका. पोलिसांना भिऊ नका. दुकानात येऊन सांगा, मी कळवतो.’

अजून कुणी आलेले नाही. या दिवाळीतही अक्षरे गिरवली आहेत. ज्वारी पोटरीला यायची आहे, हंगाम आता सुरू होतो आहे.